घासून काढलेला नंबर

माझ्या नवऱ्याशी, म्हणजे जो पूर्वी नवरा होता त्याच्याशी, मी अकरा वर्षं एक शब्द बोलले नव्हते आणि त्याचं दुकान माझ्या दुकानासमोर आहे. मध्ये फक्त रस्ता, फ्रेस्नोच्या पूर्व भागातला, खड्ड्यांचा. कोर्टाने वाटणी करताना धूर तपासायचं स्टेशन मला दिलं आणि रंगकामाची शेड त्याला. न्यायाधीशबाईंना वाटलं असेल, काय झकास निवाडा केला. त्यांना काय, रोज सकाळी शटर उघडताना त्याचं थोबाड बघावं लागत नाही.

मी इर्मा सारागोसा. गाडी आली की मी ती रोलरवर चढवते, मागच्या पाइपात नळी घालते, दिवा घेऊन खाली वाकून एकेक भाग बघते आणि यंत्रात पास नाहीतर नापास टाकते. माझा पास नसेल तर नंबरप्लेटवर लावायचा वर्षाचा स्टिकर मिळत नाही, आणि स्टिकर नसेल तर कॅलिफोर्नियात गाडी म्हणजे अंगणातलं लोखंड. लोक हसत येतात, त्यातले निम्मे शिव्या घालत जातात. घालू देत. शिव्यांनी परवाना जात नाही.

परवाना कशाने जातो ते मला रुतिलियोने, त्याच पूर्वीच्या नवऱ्याने, शिकवलं. अकरा वर्षांपूर्वी माझी आई मेक्सिकोत, मिचोआकानला वारली. तिला माती द्यायला मी पाच दिवस गेले, तेवढ्यात या गृहस्थाने माझा कोड यंत्रात घालून आपल्या एका दोस्ताचा ट्रक पास केला. ट्रकला कन्व्हर्टर नव्हताच. धूर स्वच्छ करणारा तो डबा असतो ना, त्याच्या जागी नुसता पाइप जोडलेला. महिन्याभरात सरकारी माणसं दारात. पास कुणाच्या नावाने झाला? माझ्या. नव्वद दिवस दुकानाला कुलूप आणि माझं नाव लबाडांच्या यादीत. आणि हा जेवणाच्या टेबलावर बसून, तोंडात घास धरून म्हणतो, "एका कागदाचा केवढा तमाशा करतेस!" त्या घासाबरोबर आमचं लग्न संपलं. त्यानंतर मी त्याला उद्देशून तोंड उघडलं नाही.

निरोप मात्र असायचेच. पोरगी एकच, सामाईक नळ आणि सामाईक विजेचा खांबही आहे. आमची अनाही तेव्हा पंधरा वर्षांची होती. बापाला ती अपा म्हणते, मला अमा. "तुझ्या अपाला सांग, त्याचा रंग उडून माझ्या खिडकीवर बसतोय." "तुझ्या अमाला सांग, खिडकी लाव." अशी ती रस्ता ओलांडत ओलांडत सव्वीस वर्षांची झाली.

अनाही बेदाण्यांच्या कारखान्यात पहिल्या पाळीला असते. शिफ्ट संपली की उरलेला दिवस तिच्या गाडीचा. पंच्याऐंशीची कटलास, एका म्हाताऱ्या बाईच्या कोंबड्यांच्या खुराड्यातून ओढून आणलेली. चार वर्षं तिने तिच्यावर हाडं झिजवली. सगळं कशासाठी, तर 'लॉस लेंतोस' क्लबच्या पाटीसाठी. मागच्या काचेत उभी करायची ती पितळेची पाटी. हा क्लब हळू चालवणाऱ्यांचा. गाडी जमिनीला टेकेल इतकी खाली, आणि वेग असा की शेजारून म्हातारी चालत पुढे जावी. वर्षातून एकदा, जूनच्या शेवटच्या रविवारी, उद्यानात नवीन माणसाचं नाव पुकारतात. गाडी स्वतःच्या चाकांवर आली पाहिजे आणि प्लेटवर चालू वर्षाचा स्टिकर पाहिजे. मागे एकदा पोलिसांनी क्लबच्या तीन गाड्या ऐन कार्यक्रमातून उचलून नेल्या, तेव्हापासून अध्यक्ष डॉन बेतोने हा नियम केला. दोनदा नाव पुकारून गाडी आली नाही, तर तिसऱ्यांदा पुकारत नाहीत. गेल्या वर्षी अनाहीचं नाव पुकारलं तेव्हा कटलास माझ्याच दुकानात नापास होऊन पडली होती. जुना कन्व्हर्टर आतून कुजून भुगा झालेला. म्हणजे आता हे एकच साल उरलं होतं.

मार्चमध्ये अनाही माझ्या काउंटरवर कागदांचा गठ्ठा घेऊन आली. पाठोपाठ रुतिलियो. तो आत नाही आला, उंबऱ्याच्या बाहेर उभा राहिला. गाडीवर आपलाही हक्क आहे असं त्याला वाटतं, कारण ती जांभळ्या रंगात रंगवली त्याने.

"अमा, एकदाच काय ते सांग. कुठले भाग घेऊ?"

"नीट ऐक. इंजिनपासून कन्व्हर्टरपर्यंत जे काही बदलशील, त्यावर राज्याचा मंजुरी नंबर पाहिजे. कन्व्हर्टरवर तर पाहिजेच, आणि तो तुझ्या सालाला, तुझ्या इंजिनाला लागू असलेला. कन्व्हर्टरच्या मागे सायलेन्सर कुठलाही लाव. फक्त पंचाण्णव डेसिबलच्या वर ओरडला नाही पाहिजे."

बाहेरून आवाज आला, "तुझ्या अमाला सांग, इंजिनातून धूर बाहेर काढणारे मूळचे पाइप काढून लांब नळ्यांचे हेडर घालायचेत. गाडीला आवाज कसा, छातीतून आला पाहिजे. ही काय शिवणयंत्र चालवणार आहे?"

"तुझ्या अपाला सांग, त्या लांब नळ्यांवर नंबर आहे का बघ. नसेल तर त्या नळ्या त्याच्याच छातीत घाल."

"ती म्हणते—"

"ऐकलं मी! सगळ्या गल्लीनं ऐकलं. तिला विचार, जन्मात कधी एखादी गाडी तिला आवडली का?"

"त्याला सांग, आवडली होती. तिच्या मालकाशी लग्न केलं, तिथे चुकलं."

अनाहीने दोन्ही तळहात काउंटरवर आपटले. "मी कन्व्हर्टर निवडायला आलेय. तुमचं झालं की सांगा."

मग आम्ही निवडायला बसलो. पहिला होता इंटरनेटवरचा, स्वस्त, दिसायला राजबिंडा. 'सर्वत्र कायदेशीर' असं मोठ्या अक्षरात, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात 'कॅलिफोर्निया वगळून'. असल्या मुंग्यांनी माझं अर्धं गिऱ्हाईक चावून खाल्लंय. दुसऱ्यावर राज्याचा नंबर होता, अनाही आनंदाने उडालीच. मी तिला हाताला धरून गाडीपाशी नेलं, बॉनेट उघडायला लावलं आणि आतलं लेबल मोठ्याने वाचायला लावलं. तो नंबर सहा सिलिंडरच्या इंजिनासाठी होता, हिचं आठचं. नंबर खरा, पण दुसऱ्याचा. तिसरा लॉस एंजेलिसच्या एका गोदामातून मागवावा लागणार होता, यायला महिना-दीड महिना. मी राज्याच्या यादीत बोट ठेवून ओळ न् ओळ पडताळली. साल, इंजिन, गाडीचं वजन, सगळं बसलं. तोच घेतला. तो नंबर मला पाठ झाला, अजून आहे.

"ठीक आहे," रुतिलियो बाहेरून म्हणाला. "तुझ्या अमाला सांग, डबा तिचा, चकाकी माझी."

त्यावर मी काही निरोप दिला नाही. द्यायला हवा होता.

रुतिलियोचं काम काय, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. बाकीच्या जगात लोक गाडीला काही ना काही लावतात. हा काढतो. दारांच्या मुठी, कंपनीचं नाव, कुलपं, शिवणी, पत्र्यावर जे जे वर आलेलं असेल ते तासायचं, भरायचं, घासायचं, की पत्रा हातातून निसटावा असा गुळगुळीत. आमच्याकडे याला गाडीची दाढी करणं म्हणतात. या कामात फ्रेस्नोपासून बेकर्सफील्डपर्यंत त्याचा हात धरणारा कुणी नाही, हे मी त्याची वैरीण असून सांगते. प्रदर्शनात गाडी एका अंगावर उचलतात आणि खाली आरसे ठेवतात, म्हणून पोटसुद्धा चमकवावं लागतं. आणि याची स्वतःची गाडी चौसष्टची. शहात्तरच्या आधीच्या गाड्यांना धुराची तपासणीच नाही. साठ वर्षांच्या आयुष्यात या माणसाला कुठल्या डब्यावरचा कुठलाही नंबर वाचायची वेळच आली नव्हती. त्याच्या डोळ्यांना उठलेलं अक्षर म्हणजे गालावरचा खुंट.

गोदामवाल्यांनी रडवलं. कन्व्हर्टर आला तो जूनच्या शेवटच्या आठवड्यात, बुधवारी. शुक्रवारी हायवेवरचा सायलेन्सरवाला बसवणार, शनिवारी माझ्याकडे तपासणी, पास झालं की ऑनलाइन कागद होऊन तिथल्या तिथे स्टिकर, रविवारी उद्यान. एक दिवस इकडे-तिकडे व्हायला जागा नव्हती.

गुरुवारी दुपारी पारा एकशे सहा फॅरनहाइटवर होता. गिऱ्हाईक नव्हतं. मी फाटकात उभी राहून टरबूज खात होते. समोर रुतिलियोने शेडचं दार सताड उघडं टाकलेलं. त्याने कन्व्हर्टर टेबलावरच्या लोखंडी पकडीत धरला, फडक्याने पुसला, बोटांनी चाचपला. पोटावरच्या त्या उठावाच्या ओळीवर, माझ्या पाठ नंबरावर, त्याचं बोट थांबलं. मग त्याने ग्राइंडर उचलला.

मला सगळं स्वच्छ दिसत होतं. पंचवीस पावलांचं अंतर. एक शब्द पुरला असता, "नंबर!" नाव घेऊन हाक मारायचीसुद्धा गरज नव्हती. अनाही कारखान्यात, तिथे फोन कपाटात कुलूपबंद ठेवतात, म्हणजे निरोप्या नव्हता. ते मी स्वतःला लगेच बजावलं, निरोप्या नाही बाई, आपण काय करणार. मला अकरा वर्षांचा नेम मोडायचा नव्हता, हे एक. पण खोटं कशाला बोलू? मला आनंद झाला. ठिणग्या उडताना बघून माझ्या पोटात गारेगार वाटलं. घास, म्हटलं. अजून घास. आता तुझ्या हाताने, तुझ्या पोरीसमोर नापास हो, म्हणजे कळेल एका कागदाचा तमाशा म्हणजे काय. त्याने मान वर करून रस्त्यापलीकडे पाहिलं. मी मूग गिळून उभीच. त्याने पुन्हा मान खाली घातली, ग्राइंडर ठेवला आणि चकाकी आणायचं बफचं चाक लावलं. मी टरबुजाच्या बिया थुंकल्या आणि आत गेले.

संध्याकाळी अनाहीचा फोन आला. "अमा, अपाने काय काम केलंय! भांड्यात तोंड दिसतं तसं दिसतं!"

तेव्हाही सांगता आलं असतं. शुक्रवारी दुसरा डबा कुठून आला नसता, हे खरं. पण सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "असं का," आणि जेवणाचं विचारलं.

शनिवारी सकाळी ती गाडी घेऊन आली. हायवेवरच्या सायलेन्सरवाल्याने चकाकी बघून शिट्टी मारली आणि बसवून दिला, नंबर त्यानेही पाहिला नाही. अनाहीने केस बांधले होते, क्लबचा काळा शर्ट इस्त्री करून मागच्या सीटवर आडवा ठेवला होता. मी गाडी रोलरवर चढवली. धूर असा स्वच्छ की आकडे शून्याला चिकटून बसले. कार्बोरेटर, टाकीचं झाकण, नळ्या, सगळं जिथल्या तिथे. अनाही काचेबाहेर उभी राहून आकडे बघत होती आणि टाचांवर उड्या मारत होती.

मग मी दिवा घेऊन खाली वाकले. कन्व्हर्टरमध्ये माझंच तोंड दिसलं.

नंबर मला पाठ होता. यंत्रात तो टाइप करायला दहा सेकंद लागली असती. हा डबा कायदेशीर आहे हे माझ्याइतकं खात्रीने राज्यात कुणाला ठाऊक नव्हतं, मीच निवडला होता. पण ज्यावर नंबर वाचता येत नाही तो कन्व्हर्टर नसल्यातच जमा, हा नियम, आणि मी नियमाने चालते. डोळ्यांना जे दिसत नाही ते दिसलं असं मी लिहीत नाही. मी नापास टाकलं. यंत्राने कुरकुरत कागद बाहेर काढला.

"का?" अनाही म्हणाली. एकदाच, हळू.

"नंबर नाही. घासून काढलाय."

तिने कागद वाचला, गाडीखाली आडवी होऊन बघितलं. बाहेर आली तेव्हा तिच्या गालाला काळं लागलं होतं. ती रस्त्याकडे तोंड करून ओरडली, "अपा!"

रुतिलियो आला. अकरा वर्षांत पहिल्यांदा तो माझ्या दारातून आत आला. हातात फडकं.

"तू नंबर घासलास?"

"कुठला नंबर? तो ओबडधोबड पट्टा? मला वाटलं, नंबर तुमच्या कागदांवर असतो. पोटावर व्रण असल्यासारखा दिसत होता. उद्या आरशात सगळ्यांना दिसला असता."

"तो राज्याचा नंबर होता, अपा! त्याच्यासाठी तर तीन महिने थांबलो!"

त्याचा चेहरा पडला. खरोखर पडला. आणि मी काय केलं? पडलेल्याला लाथ घातली. "तुझ्या अपाला सांग, नाटक पुरे. त्याने मुद्दाम केलंय हे. एकदा माझा परवाना घालवला, आता पोरीचं तोंड बघून मी खोटा पास देईन असं वाटलं असेल. जित्याची खोड! तुला वापरलं त्याने. तेव्हा ट्रक होता, आता तू आहेस."

"अमा, पुरे."

"नाही, सांग त्याला!"

रुतिलियोने माझ्याकडे पाहिलं नाही. तो पोरीलाच म्हणाला, सवयीप्रमाणे, "तुझ्या अमाला सांग, मुद्दाम करायचं असतं तर तिच्यासमोर केलं असतं का? परवा मी डबा घासत होतो तेव्हा ती फाटकात उभी होती. टरबूज खात होती. मी वर बघितलं. म्हटलं, काही चुकत असेल तर ही बाई गप्प बसणार आहे का? ही? मी घासत राहिलो."

अनाही माझ्याकडे वळली.

"तू बघितलंस?"

"अनाही, तुझा फोन कपाटात—"

"बघितलंस की नाही?"

"बघितलं."

"आणि तुला माहीत होतं, तो काय घासतोय?"

मी त्या वेळी खोटं बोलू शकले असते. पण नियमाने चालणारी ना मी. "माहीत होतं," म्हटलं.

ती रडली नाही. मला वाटत होतं रडेल, मग जवळ घेता येईल. तिने मागच्या सीटवरचा शर्ट उचलला, घडी मोडली, गालाचं काळं त्याने पुसलं आणि शर्ट कचऱ्याच्या पिंपात टाकला. गाडीची किल्ली माझ्या काउंटरवर ठेवली.

"आजपासून तुमचे निरोप बंद," ती म्हणाली. "मेलात तरी एकमेकांना कळवायला मला सांगू नका."

"कुठे चाललीस? ऊन बघ केवढं आहे," मी म्हणाले.

ती बाहेर पडली. फुटपाथवरून, बस थांब्याच्या दिशेने, भराभर. रुतिलियो दोन पावलं तिच्या मागे गेला आणि थांबला, कारण तिने हात मागे करून त्याला थांबवलं. वळून न बघता. कोपऱ्यावरच्या टायरच्या दुकानापर्यंत ती दिसत होती, मग दिसेनाशी झाली. उद्या अकरा वाजता उद्यानात डॉन बेतो तिचं नाव पुकारणार होता, दुसऱ्यांदा, शेवटचं.

आता दुकानात आम्ही दोघंच, आणि मध्ये ती जांभळी गाडी, रोलरवर. मी वाट बघत होते की तो शिव्या देईल. त्याने द्याव्यात असं मला मनापासून वाटत होतं. त्याने फडकं खिशात कोंबलं आणि थेट माझ्याकडे बघून, मधे कुणी नसताना, विचारलं, "का नाही ओरडलीस?"

अकरा वर्षांत त्याच्यासाठी मी किती वाक्यं घडवून ठेवली होती. हे त्यांत नव्हतं.

"तुला नापास करायचं होतं," मी म्हणाले.

त्याने गाडीच्या जांभळ्या पत्र्यावर तळहात ठेवला. मग म्हणाला, "गाडी तिची होती, इर्मा."